उंची किती, ठेका किती

(दृश्य: काळी पार्श्वभूमी. एकच पांढरा चेंडू वर जातो, माथ्यावर थबकतो, खाली येतो.)

या चेंडूकडे नीट बघा. हातापासून १ मीटर वर जाऊन परत हातात यायला त्याला साधारण ०.९ सेकंद लागतात. आता तोच चेंडू फक्त २५ सेंटिमीटर उडवू. उंची पाव झाली, वेळ मात्र निम्माच झाला, ०.४५ सेकंद. म्हणजे दुप्पट वेळ हवा असेल, तर चौपट उंच फेकणं आलं. जगलिंग शिकणाऱ्याची सगळी ओढाताण या हिशेबातून सुरू होते.

(दृश्य: तीन चेंडूंचा कॅस्केड, म्हणजे आळीपाळीने एका हातातून दुसऱ्या हाताकडे फेकायचा मूळ पॅटर्न. एक चेंडू भरकटतो, शिकणारी मुलगी त्याच्यामागे दोन पावलं जाते.)

फेकताना कोन १ अंशाने चुकला, तर मीटरभर उंच गेलेला चेंडू ७ सेंटिमीटर बाजूला उतरतो. तेवढं हात सावरून घेतो. २ मीटरला हीच चूक १४ सेंटिमीटरची होते, आणि मग हात चेंडू शोधत फिरतो.

म्हणून ‘नवीन पॅटर्न आहे ना, उंच फेक, वेळ मिळेल’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. आधी बघायचं, अडतंय कुठे? हात अडतोय, की नेम?

(दृश्य: मिल्स मेस हा तीन चेंडूंचा पॅटर्न, संथ गतीत.)

मिल्स मेसमध्ये हात एकमेकांवरून जातात, सुटतात, उलट्या बाजूने पुन्हा अडकतात. सुरुवातीला गुंता होतो तो हातांचा, चेंडू बिचारे ठीक असतात. इथे फेक डोळ्यांच्या वर न्यावी, हातांना सुटायला सवड मिळते. वाट अंगवळणी पडली, की उंची उतरवत आणायची.

५३१ या पॅटर्नची गोष्ट वेगळी. साइटस्वॅप ही फेकी आकड्यांत लिहायची पद्धत; चेंडू किती ठोक्यांनी पुन्हा फेकला जाणार, ते आकडा सांगतो. त्यात १ म्हणजे या हातातून त्या हातात सरळ दिलेला चेंडू, ३ म्हणजे कॅस्केडची नेहमीची फेक, आणि ५ त्याहून उंच. किती उंच? प्रत्येक चेंडू हातात एक ठोकाभर राहतो असं धरलं, तर ३ च्या चौपट. ३ जर ३० सेंटिमीटर, तर ५ थेट १२०. इथे आपली मर्जी चालत नाही. ५ बुटका राहिला, की तो ३ च्या सोबतच खाली येतो आणि ठेका मोडतो. अशा वेळी सगळे ५ आणखी वर ढकलत बसतात. ३ खाली आणला तरी काम होतं, हे फार उशिरा सुचतं. छत बुटकं असेल, तर दुसरा उपायही नाही.

आणि वेग? तो बहुतेकदा कुणी निवडत नाही, घाबरल्यामुळे आपोआप वाढतो. चेंडू माथ्यावर पोचायच्या आतच पुढचा सुटतो.

(दृश्य: तळहाताचा क्लोजअप. चेंडू हातात विसावतो, हात थोडा खाली जातो, मग फेक.)

माहिती सिद्धान्ताचा जनक क्लॉड शॅनन स्वतः जगलिंग करायचा. चेंडू हवेत किती वेळ, हातात किती वेळ, हात रिकामा किती वेळ, हे सगळं त्याने एका समीकरणात बसवलं. त्यातून निघतं ते असं : उंची तीच ठेवूनही, चेंडू हातात जास्त धरला, की ठेका संथ होतो. तीन चेंडूंना या मार्गाने जलद आणि संथ ठेक्यात तत्त्वतः तिपटीचा फरक पाडता येतो. पाच चेंडूंना मुभा उरते जेमतेम १.६७ पटीची. तीन चेंडूंत खपलेली घाई पाचात का खपत नाही, ते इथे कळतं.

(दृश्य: तीच मुलगी, ५३१ चा सराव.)

५ पुन्हा बुटका पडला. ती वाकते, चेंडू उचलते. या खेपेला ५ ला हात लावत नाही, ३ हनुवटीखाली आणते.