इटर्नल्स, पाडवा आणि आमचा दादा

नमस्कार मंडळी. सगळ्यांनी नावं ठेवलेल्या पण आपल्याला मनापासून आवडलेल्या एका पिक्चरबद्दल बोला असं कमिटीने सांगितलं, तेव्हा मला एक सेकंदही विचार करावा लागला नाही. सुपरहिरोंचे पिक्चर काढणाऱ्या मार्व्हलचा 'इटर्नल्स'. मार्व्हलच्या मालिकेतला हा 26वा पिक्चर, आणि आधीच्या 25 मधल्या एकालाही रॉटन टोमॅटोजवर, म्हणजे किती टक्के समीक्षकांना पिक्चर आवडला ते सांगणाऱ्या वेबसाइटवर, सडका टोमॅटो मिळाला नव्हता तो याला मिळाला, 47 टक्के. दिग्दर्शिका क्लोई झाओ, जिला त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'नोमॅडलँड'साठी ऑस्कर मिळालं होतं आणि तेव्हा तिचं कौतुक करणाऱ्यांनीच नोव्हेंबरमध्ये म्हटलं की पिक्चर लांबलाय, संथ आहे, माणसं फार आहेत आणि मारामारी कमी आहे.

आता मी तो कुठे आणि कसा बघितला ते सांगते, कारण त्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही.

5 नोव्हेंबर 2021, शुक्रवार, पाडवा. कोविडमुळे दोन वर्षं मला परदेशातून ठाण्याला जाता आलं नव्हतं, त्या दिवाळीला कसंबसं तिकीट मिळालं, टेस्ट करून, फॉर्म भरून मी नौपाड्यात आमच्या घरी पोचले. आई तेव्हा 80 ची. स्मृतिभ्रंश झालेला. फोनवर कळत होतं थोडं थोडं, पण समोर बसल्यावर ती मला तिच्या मोठ्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागली आणि संध्याकाळी अंधार पडला की घाबरायची, कोणीतरी परका घरात शिरलाय असं वाटून दादाच्या अंगावर धावून जायची. एकदा तर फराळाचं ताट फेकलं. दादाने काय केलं, तर चकल्या गोळा केल्या, लाइट लावले, आणि तिच्यासमोर मेथीची जुडी ठेवली निवडायला. ती शांत झाली. वहिनी म्हणाली हे रोजचं आहे गं.

पाडव्याला भाच्याने विवियाना मॉलमधली तीन तिकिटं काढली. महाराष्ट्रात थिएटरं उघडून जेमतेम दोन आठवडे झाले होते, निम्म्याच खुर्च्या भरायला परवानगी, त्यात त्याच दिवशी 'सूर्यवंशी' लागलेला त्यामुळे सगळी गर्दी तिकडे. वहिनी आईजवळ थांबली आणि दादाला ओढून नेलं आम्ही. सुपरहिरो वगैरे त्याला काही माहीत नाही, एसीत बसला की दहा मिनिटांत झोपतो.

तर गोष्ट अशी आहे, की दहा जण, हेच इटर्नल्स, 7000 वर्षांपूर्वी पृथ्वीवर पाठवलेत, माणसांना डेव्हियंट नावाच्या राक्षसांपासून वाचवायला. राक्षस संपतात पण परतीचा निरोप येत नाही. मग हे पांगतात. एक हिंदी पिक्चरचा हिरो होतो (तो किंगो, कुमेल नानजियानीने केलाय, आणि म्हातारा होत नसल्यामुळे लोकांना सांगतो की आधीच्या पिढ्यांतला हिरो माझा बाप, त्याच्या आधीचा माझा आजोबा), एक शिकागोत घरसंसार करतो, एक ॲमेझॉनच्या जंगलात. आणि मग त्यांची पुढारी, एजॅक, जी त्यांना आईसारखीच, ती गेल्याचं कळतं. मग पिक्चरचा जवळजवळ अर्धा भाग काय आहे, तर एकेकाच्या दारात जायचं, आई गेली म्हणून सांगायचं आणि सोबत घ्यायचं.

समीक्षक याला रेंगाळणं म्हणाले. मला सांगा, इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी तसा फोन घेतलाय? रात्री अडीचचा, भारताचा नंबर. त्यानंतर भावंडं एकत्र येतात तेव्हा ती कामाला लागत नाहीत लगेच, आधी जुनी भांडणं निघतात, कोण का गेलं, कोणी फोन केला नाही, तू बदललास, तू नाही बदललीस. ते घाईघाईने उरकलं असतं तर मला खोटं वाटलं असतं.

पण माझा खरा मुद्दा थेना आणि गिल्गामेशचा आहे. थेना म्हणजे अँजेलिना जोली, सगळ्यांत मोठी लढवय्यी. तिला एक आजार जडतो, जुन्या आठवणी उसळून येतात आणि ती आपल्याच माणसांवर शस्त्र उगारते. 1521 साली, मेक्सिकोत. उपाय म्हणून सगळ्या आठवणी पुसून टाकायचं ठरतं, ती नको म्हणते, आणि गिल्गामेश म्हणतो मी बघतो तिच्याकडे. बस. मा डोंग-सोक हा कोरियन नट, दंड बघाल तर केवढे, आणि हा माणूस पुढची 500 वर्षं ऑस्ट्रेलियात एका एकाकी घरात ॲप्रन बांधून तिच्यासाठी स्वयंपाक करतो. बाकीचे जगभर हिंडतायत. भेटायला येतात तेव्हा हा त्यांनाही जेवायला वाढतो.

मी हळूच बाजूला बघितलं. दादा जागा होता. चष्मा काढून हातात धरला होता.

पुढे गिल्गामेश मरतो. थिएटरमध्ये शांतता होती आणि दादा माझ्या कानाशी म्हणाला, "आता तिच्याकडे कोण बघणार?"

मंडळी, सुपरहिरोच्या पिक्चरमध्ये मी बरंच काही बघितलंय, शहरं पडताना बघितलीत, पण घरी आजारी माणसाजवळ थांबलेल्याला हिरो केलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. त्याची ताकद काय, तर मुठीत जोर आहे, ठीक आहे, पण पिक्चर त्याला लक्षात ठेवायला लावतो ते त्या स्वयंपाकघरामुळे. आणि असं काही दाखवायचं तर वेळ लागतोच, दोन तास सदतीस मिनिटं लागली तर लागली.

पिक्चरमध्ये दोष आहेत, मी नाही म्हणत नाही. क्रो नावाचा खलनायक अर्धवट राहिलाय आणि मधेमधे उभं राहून विश्वाची माहिती सांगणं जास्त झालंय. पण शेवटची लढाई या दहा जणांतच आपसात होते आणि किंगो तिच्याआधी निघून जातो यावर जी टीका झाली ती मला बिलकूल पटत नाही. त्याला समोरच्यांचं पटलेलं नाही, पण घरच्यांवर हातही उचलायचा नाहीये. महाभारतात बलराम कौरव-पांडवांच्या युद्धात न पडता तीर्थयात्रेला गेला, तेव्हा आपण पटकथा फसली असं म्हणतो का? आणि जाताना किंगोचा म्हातारा सोबती करुण, आपले हरीश पटेल, ज्या आदराने सगळ्यांचा निरोप घेतो, तेवढ्यासाठी मी हा पिक्चर परत बघते. शक्ती नाही, काही नाही, हातात कॅमेरा घेऊन देवांच्या मागे फिरणारा साधा माणूस, त्याला या दिग्दर्शिकेने किती मान दिलाय बघा.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आईला नवी साडी नेसवून खुर्चीत बसवलं होतं, मी दादाला ओवाळलं आणि त्याने पाकीट पुढे केलं तेव्हा ते घेतलं नाही. म्हटलं, मला दोन महिने दे, आईजवळचे. तो म्हणाला तुझी नोकरी, तुझं घर, कसं जमणार, आणि दहा वेळा नको म्हणाला. सात वर्षं तो आईचं सगळं बघत होता, आणि त्या सात वर्षांत मी त्याला फोनवर फक्त आई कशी आहे एवढंच विचारलं होतं, तो कसा आहे हे कधी विचारलंच नव्हतं.

2022 च्या मे-जूनमध्ये मी बिनपगारी रजा घेऊन गेले. पहिल्या आठवड्यात आईने माझ्यावरही ताट फेकलं, मग मीही मेथी आणायला शिकले. दादा आणि वहिनी दहा दिवस गुहागरला जाऊन आले, लग्नानंतर दोघंच असे पहिल्यांदा. रोज रात्री फोन यायचा, आई जेवली का म्हणून, आणि मागे समुद्राचा आवाज.