दोन थेंब

पडद्यावर तेलाच्या थराखाली हे जे दिसतंय तो पोषक द्रावाचा एक थेंब. तेल अशासाठी, की थेंब वाळू नये. आणि त्यात मधोमध बसलीय उंदरिणीची फलित अंडपेशी, मिलिमीटरच्या बाराव्या भागाएवढी. पोटात दोन गोल बुडबुडे दिसतायत? थोडा मोठा तो बापाच्या डीएनएचा, लहान तो आईच्या.

मोठ्या बुडबुड्यात आत्ता साफसफाई जोरात चालू आहे. कोणतं जनुक गप्प ठेवायचं, याच्या मिथाइल खुणा बापाच्या डीएनएवर असतात. त्यातल्या बऱ्याचशा काही तासांत पुसल्या जातात. पुसायचं काम टेट-३ या एन्झाइमचं, पण अल्फा-कीटोग्लुटारेट मिळाल्याशिवाय ते हात हलवत नाही. आणि हा पदार्थ बनतो पेशीच्या चुलीवर, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रेब्ज चक्रात.

चुलीत सरपण कुठलं? आपल्याकडे बाळाला मधाचं बोट चाटवतात, पण या वयात ग्लुकोज पचतच नाही. ते मोडणारी यंत्रणा अजून थंड आहे. लागतं पायरुवेट. अंडाशयात असताना भोवतालच्या पेशी स्वतः ग्लुकोज मोडून तयार पायरुवेट अंडपेशीच्या हाती देत होत्या. इथे ते द्रावात घालावं लागतं.

आता पडद्यावर दोन थेंब शेजारी-शेजारी. डावीकडे पायरुवेट आहे, उजवीकडे नाही. बाकी सगळं सारखं, तापमान ३७ अंश. पहिलं विभाजन पाहा... दोन्हीकडे झालं. एकाच्या दोन पेशी. इथवर आईची शिदोरी पुरते. पुढे गर्भाला स्वतःची जनुकं चालू करावी लागतात. उंदरात ती वेळ हीच, दोन पेशींची.

नेमक्या याच वेळी चुलीचे काही भाग जागा सोडतात. क्रेब्ज चक्राची एन्झाइम्स एरवी मायटोकॉन्ड्रियात असतात, त्यातली काही तात्पुरती केंद्रकात येतात, थेट डीएनएच्या शेजारी. जनुकं उघडायला अॅसिटाइल खुणा लावायच्या आणि मिथाइल खुणा पुसायच्या, त्याचा कच्चा माल मग तिथेच तयार होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या प्रयोगशाळेतून राघवेंद्र नागराज आणि उत्पल बॅनर्जी यांच्या गटाने २०१७ मध्ये हे दाखवलं. पायरुवेटशिवाय ही हलवाहलव होत नाही. क्रेब्ज चक्र आम्हीही परीक्षेपुरतंच घोकलं होतं. ते केंद्रकात शिरतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

या पहिल्या दिवसांतलं पोषण पुढेही जाणवतं. उंदरिणीला गर्भधारणेचे पहिले साडेतीन दिवसच प्रथिनं कमी दिली, तरी मोठेपणी पिल्लांचा रक्तदाब चढा आढळला आहे. माणसाच्या आयव्हीएफ प्रयोगशाळेतल्या द्रावातही पायरुवेट असतंच.

डावीकडे बघा. चार. आठ. पेशी एकमेकींना घट्ट बिलगल्या, कडा दिसेनाशा झाल्या. आत पोकळी धरतेय... आणि गर्भाभोवतालच्या कवचाची ही भिंत आता पातळ होत चाललीय.

उजवीकडे चौथा दिवस. अजून दोनच.