हळकुंड आणि कॅप्सूल

मित्रहो, राजापुरी हळदीचे सौदे ज्या शहरात होतात आणि शेजारच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमधून जिथे पिढ्यान्‌पिढ्या हळकुंडे साठवली गेली, तिथे आज मी हळदीपासूनच सुरुवात करणार आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा अभिमान मलाही आहे. परंतु दवाखान्यात मला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: "डॉक्टर, हळदच तर आहे, तिने काय अपाय होणार?" त्या वेळी विचारणाऱ्याच्या पिशवीत हळद नसते, हळदीतील कर्क्युमिन या घटकाच्या कॅप्सूलची बाटली असते. आजचे माझे सारे म्हणणे या दोन वस्तूंमधील अंतराविषयी आहे.

हळदीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण ३ टक्के असते. वाणानुसार ते थोडे कमीजास्त होते. दिवसभराच्या आमटी-भाजीतून एका माणसाच्या पोटात दोन-तीन ग्रॅम हळद जाते असे धरले, तर त्यातून ६० ते ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन मिळते. आता बाटलीवरचा बारीक मजकूर वाचा. तिथे बहुधा '५०० मिलिग्रॅम अर्क, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स' (कर्क्युमिन आणि त्याचे जवळचे भाऊबंद) असे लिहिलेले असते, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम. एवढे हळदीतून मिळवायचे तर जवळपास १६ ग्रॅम पूड खावी लागेल आणि ती रोज कोणी खाऊ शकणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने कर्क्युमिनची रोजची स्वीकार्य मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत ठरवली आहे. साठ किलोच्या माणसासाठी ती १८० मिलिग्रॅम होते.

प्रश्न केवळ वजनाचा असता तर तो सोपा होता. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे जाते आणि जे जाते त्याचे रूप आतडे व यकृत झटपट बदलून ते बाहेर टाकतात. हजारो वर्षे आपण हळद निर्धास्तपणे खात आलो, त्यामागे हा अटकावही आहे. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील पिपेरीन अवघे २० मिलिग्रॅम दिले, तर माणसाच्या रक्तात पोहोचणारे कर्क्युमिन सुमारे वीसपट होते. त्यानंतर कॅप्सूलमध्ये पिपेरीन घालण्याची पद्धतच पडली आणि 'जास्त शोषण' हा जाहिरातीचा मुद्दा झाला. शरीराने राखलेला अटकाव आपण काढून घेतो आहोत, ही गोष्ट मात्र त्या जाहिरातीत नसते.

अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने हळदीच्या पूरकांमुळे, म्हणजे आहाराला जोड म्हणून घेतल्या जाणाऱ्या अशा गोळ्या-कॅप्सूलमुळे, यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. सात जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला, म्हणजे हा धोका सर्वांना सारखा नाही. तो विरळा आहे, हेही मी आवर्जून सांगतो. पण तो आपल्याला आहे की नाही हे बाटली विकत घेताना कळत नाही. कॅप्सूल सुरू केल्यावर लघवी गडद पिवळी होऊ लागली, भूक मेली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले, तर ती त्याच दिवशी थांबवून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी.

ड जीवनसत्त्वाची पुडी आज घराघरांत आहे. एका पुडीत ६०,००० युनिट असतात आणि ती आठवड्यातून एक, तीही ठरावीक आठवड्यांपुरती घ्यायची असते. मी पाहिलेल्या एका वृद्ध बाईंनी ती रोज दुधातून घेतली होती. त्यांना आणले तेव्हा तोंडाला कोरड होती, लघवीला सारखे जावे लागत होते, मळमळ आणि बद्धकोष्ठ होते, आणि बोलण्यात विसंगती आली होती. घरच्यांना वाटले, वयाने भ्रम होतो आहे. रक्तातील कॅल्शियम फार वाढले होते आणि मूत्रपिंडांवर ताण पडला होता. प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० ते ८०० युनिट, सुरक्षित मानली जाणारी कमाल मर्यादा ४,०००; आणि त्या रोज घेत होत्या ६०,०००. उन्हात कितीही वेळ बसले तरी असे होत नाही, कारण त्वचेत गरजेपेक्षा जास्त तयार झालेल्या द्रव्याचे ऊनच निष्क्रिय पदार्थांत रूपांतर करते. पुडीला तसा लगाम नाही. शिवाय हे जीवनसत्त्व चरबीत साठत असल्यामुळे पुडी बंद केल्यावरही त्रास कित्येक आठवडे टिकू शकतो.

गाजरातील नारिंगी रंगद्रव्य असलेल्या बीटा कॅरोटीनचे उदाहरणही हेच सांगते. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. गाजरांनी असे कधी केल्याचे दिसलेले नाही.

मी पूरकांच्या विरोधात नाही. गरोदरपणातील लोह व फॉलिक आम्ल, शुद्ध शाकाहारी व्यक्तीला कमी पडणारे बी-१२, तपासणीत सिद्ध झालेली ड जीवनसत्त्वाची कमतरता, या ठिकाणी गोळी हवीच. माझा आक्षेप आहे तो तपासणीशिवाय, मुदतीशिवाय आणि डॉक्टरला न सांगता घेण्यावर. आपल्याकडील २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ही उत्पादने अन्न या वर्गात मोडतात आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' असे वेष्टनावर छापावे लागते. नव्या औषधाला विक्रीपूर्वी ज्या चाचण्यांतून जावे लागते, त्यांतून ती गेलेली नसतात.

म्हणून दवाखान्यात येताना घरातल्या साऱ्या बाटल्या, चूर्णे आणि पुड्या पिशवीत घालून आणा. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल तर हळदीचा अर्क रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतो. थायरॉइडच्या गोळीबरोबरच कॅल्शियम किंवा लोह घेतले तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे. केसांसाठी मोठ्या मात्रेत बायोटिन हे ब गटातील जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या थायरॉइडच्या, इतकेच नव्हे तर हृदयविकाराच्या झटक्यात केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीचाही निकाल चुकीचा येऊ शकतो. तेव्हा प्रयोगशाळेत रक्त देण्यापूर्वी बायोटिन चालू असल्याचे तिथल्या तंत्रज्ञाला सांगा आणि ते किती दिवस आधी बंद करायचे, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.