व्होल्ट ढकलतो, ॲम्पियर गॅस काढतो

घरी पाण्यातून हायड्रोजन काढायला बसलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती व्होल्ट लावू? आणि गॅस कमी आला की लगेच 5 चा ॲडॅप्टर काढून 12 चा लावायचा. चला, नीट बघूया नेमकं काय होतं ते.

पाणी फुटायला कमीत कमी 1.23 व्होल्ट लागतात, हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात पाण्यात बुडवलेल्या, बॅटरीला जोडलेल्या धातूच्या प्लेटच्या पृष्ठभागावर बुडबुडा तयार होण्यासाठी आणखी थोडा जोर लागतो, म्हणून दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल लावला तर जवळपास काहीच दिसत नाही, दोन सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लावले की बुडबुडे सुरू. म्हणजे व्होल्टेजचं पहिलं काम उंबरठा ओलांडून देणं. त्याच्या पुढचं जे जास्तीचं व्होल्टेज आहे ते पाण्याच्या रेझिस्टन्समधून, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यातून, करंट ढकलतं, आणि नुसत्या नळाच्या पाण्याचा रेझिस्टन्स एवढा जास्त असतो की 12 व्होल्ट लावूनही मीटरवर अगदी थोडे मिलीॲम्पियर दिसतात. आता व्होल्टेज तेच ठेवून त्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा आणि मीटर बघा, करंट एकदम चढतो, बुडबुड्यांचा धुरळा उठतो. प्लेटा जवळ आणल्या तरी तेच, मोठ्या घेतल्या तरी तेच.

आता खरी गंमत. हे दोन ग्लास आहेत, एकात सोडा भरपूर, दुसऱ्यात कमी. दोन्ही सिरीजमध्ये जोडलेत, म्हणजे जो करंट पहिल्यातून जातो तोच दुसऱ्यातून जाणार, त्याला दुसरी वाट नाहीच. एकूण 12 व्होल्ट, करंट अर्धा ॲम्पियर. मल्टीमीटर लावलं तर घट्ट द्रावणावर 3 व्होल्ट आणि पातळ द्रावणावर 9, तिप्पट फरक. आणि गॅस? 10 मिनिटांनी दोन्हीकडे निगेटिव्ह प्लेटवरच्या टेस्टट्यूबमध्ये साधारण 38 मिली हायड्रोजन, पॉझिटिव्हच्या ट्यूबमध्ये त्याच्या निम्मा ऑक्सिजन, किंवा थोडा कमीच, कारण ऑक्सिजन पाण्यात जरा जास्त विरघळतो.

मायकल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हेच सगळं बदलून बदलून पाहिलं, प्लेटा लहानमोठ्या केल्या, द्रावण पातळ-घट्ट केलं, आणि 1834 मध्ये मांडलं की किती पाणी फुटणार हे फक्त किती वीज त्यातून गेली त्यावर ठरतं. कारणही सरळ आहे, हायड्रोजनचा एक रेणू तयार व्हायला दोन इलेक्ट्रॉन लागतात, आणि करंट म्हणजे सेकंदाला किती इलेक्ट्रॉन जातायत त्याचा हिशोब. हा आकडा लक्षात ठेवा: 1 ॲम्पियर, 1 मिनिट, साधारण साडेसात मिली हायड्रोजन.

मग त्या 9 व्होल्टवाल्या ग्लासात जास्तीची ऊर्जा गेली कुठे? पाणी तापवण्यात. थर्मामीटर बुडवा, कळेल. उष्णतेसकट हिशोब धरला तर पाणी फोडायला 1.48 व्होल्ट पुरतात, त्यामुळे प्लेटांच्या एका जोडीला 12 व्होल्ट लावले की सुमारे 12 टक्के वीज कामाला येते, बाकी सगळी उष्णता. म्हणून 12 व्होल्टची बॅटरीच वापरायची असेल तर असे सहा ग्लास सिरीजमध्ये लावा, प्रत्येकाच्या वाट्याला 2 व्होल्ट, आणि तोच 1 ॲम्पियर सहाही ठिकाणी गॅस काढतो, मिनिटाला 45 मिली. कारखान्यातले पाणी फोडायचे सेलसुद्धा साधारण 1.8 ते 2 व्होल्टवरच चालवतात. आणि गाडीच्या बॅटरीवर पाणी फोडून त्याच गॅसवर गाडी पळवायचे जे दावे फिरतात ना, त्यांचा हिशोब इथेच संपतो, फोडायला जेवढी ऊर्जा घातली त्यापेक्षा जास्त जाळून मिळणार नाही, मिळेल ती कमीच.

आता जे मनापासून सांगायचंय ते. सोड्याच्या जागी मीठ टाकू नका, पॉझिटिव्हला क्लोरीन निघतो आणि तो विषारी आहे. स्टीलचा चमचा पॉझिटिव्हला लावला आणि पाणी पिवळसर दिसायला लागलं तर लगेच बंद करा, त्यात क्रोमियम उतरलेलं असू शकतं, हात घालू नका. घरातली 230 व्होल्टची लाइन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावूनसुद्धा वापरायची नाही, कधीच नाही. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की तो पेटू शकतो आणि एवढीशी ठिणगी पुरते, त्यामुळे दोन्ही गॅस एका बाटलीत साठवायचे नाहीत, खिडकी उघडी ठेवायची, डोळ्यांवर चष्मा हवाच. हायड्रोजन तपासायचा तर एकच छोटी टेस्टट्यूब बाजूला घेऊन, ॲडॅप्टरची पिन काढल्यावरच काडी लावा.