दम्याचा पंप घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

दोन वर्षांमागची गोष्ट आहे. दिवाळी होऊन गेली होती, सोयाबीनच्या राशी चालू होत्या. परभणी जिल्ह्यात त्या दिवसांत कुठल्याही दवाखान्यात बसा, कानावर छातीतली सूं-सूं पडणारच. गंगाखेडकडच्या एक आजी आल्या, पासष्टीच्या असतील. म्हणाल्या, "डाक्टरीणबाई, तुमचं औषीद रोज घ्यायलेय मी, पर दम काही थांबंना." मी म्हणाले, आजी, कसं घेता ते मला करून दाखवा.

त्यांनी पिशवीतून डबी काढली. डबीतून एक कॅप्सूल काढून जिभेवर ठेवली, माझ्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि गटकन गिळून टाकली.

सात महिने त्या हेच करत होत्या. ती कॅप्सूल गिळायची नसतेच. ती एका छोट्या यंत्रात घालून फोडायची आणि आतली पूड श्वासाबरोबर छातीत ओढायची. गिळली की औषध पोटात जातं, फुप्फुसापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. यंत्र त्यांच्या घरी होतं, खोक्यासकट देवळीत ठेवलेलं, नातवंडं खेळतील म्हणून.

आजींची काय चूक? कॅप्सूल हातात दिल्यावर माणूस ती गिळणारच. ते औषध लिहून दिलं होतं मी. दवाखान्यात गर्दी होती, "मेडिकलवाला सांगेल" असं म्हणून मी पुढचा पेशंट आत घेतला होता. मेडिकलवाल्याला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. त्या दिवसापासून पंप घेऊन दाखवल्याशिवाय मी कुणालाही खोलीबाहेर जाऊ देत नाही. आज तुमच्याशी बोलायचं कारणही तेच. दम्याचं औषध चांगलं की वाईट, यावर गावात पुष्कळ बोललं जातं. ते छातीत कसं पोचवायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

दम्यात नेमकं होतं काय? आपल्याकडं ठिबक सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून ठिबकच्या नळीवरून सांगते. नळी बाहेरून कुणी चिमटीत धरली तर पाणी अडतं. आतून क्षार बसले तरी अडतं. दम्यात दोन्ही एकदम होतं. श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, ही बाहेरची चिमट. आणि नळ्यांचं आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ धरतं, हा आतला थर. म्हणून औषधंही दोन तऱ्हेची. साल्ब्युटामॉलचा पंप चिमट सोडवतो. पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटतं आणि चार ते सहा तास टिकतं. पण सूज तो उतरवत नाही. सूज उतरवणारं औषध वेगळं, ब्युडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोनसारखं. ते रोज घ्यावं लागतं, गुण हळूहळू येतो, आणि आज घेतलं तर आज काहीच जाणवत नाही.

इथंच घोटाळा होतो. ज्या औषधानं लगेच बरं वाटतं तेच लोक जवळ करतात, आणि ज्याच्यानं दमा खऱ्या अर्थानं ताब्यात राहतो ते महिन्याभरात बंद करतात. तातडीचा, म्हणजे साल्ब्युटामॉलचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर आतली सूज वाढतेय असं समजा. साधारण २०० फवाऱ्यांचा एक डबा, असे तीन किंवा जास्त डबे वर्षात संपत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो. दम्यावर जगभरात मार्गदर्शन करणाऱ्या तज्ज्ञमंडळानं २०१९ पासून सांगितलंय की मोठ्या माणसांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका, सूज उतरवणारं औषध बरोबर हवंच. आता फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड एकत्र असलेले पंप मिळतात, त्यांनी दोन्ही कामं होतात. तुम्हाला कुठला योग्य, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आणि एक, निळा पंप, तपकिरी पंप असं रंगावरून ओळखू नका. कंपनीगणिक रंग बदलतात. डब्यावरचं नाव वाचा, वाचता येत नसेल तर नातवाकडून वाचून घ्या आणि रोजच्या पंपाला लाल दोरा बांधून ठेवा.

आता भीतीचं बोलू. "पंप नको हो, पंपाची सवय लागती." "पंप म्हणजे शेवटचा इलाज." हे मी रोज ऐकते, शिकल्यासवरल्या घरांतूनही. हिशेब करून बघा. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम, म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचं औषध. गोळी पोटातून रक्तात जाते, अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि फुप्फुसाला मिळतो त्यातला थोडासा वाटा. फवारा थेट जिथं दुखणं आहे तिथं जातो, म्हणून एवढासा पुरतो. सवय म्हणाल, तर दमा वर्षानुवर्षं राहणारा आजार आहे, म्हणून औषध वर्षानुवर्षं लागतं. बीपीच्या गोळीला कुणी सवय म्हणत नाही.

पंपाची कल्पना कशी निघाली ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत रायकर नावाच्या औषध कंपनीचे प्रमुख होते जॉर्ज मेसन. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता आणि औषध फवारायला काचेचं नाजूक उपकरण वापरावं लागायचं. १९५५ मध्ये तिनं वडिलांना विचारलं, केसांचा फवारा डब्यात मिळतो, मग माझं औषध तसं का नाही मिळत? १९५६ मध्ये पंप बाजारात आला. साल्ब्युटामॉल आलं १९६९ मध्ये, बेक्लोमेथासोनचा पंप १९७२ मध्ये. म्हणजे हे काही कालपरवाचं, न पारखलेलं औषध नव्हे.

सूज उतरवणाऱ्या रोजच्या पंपात स्टेरॉइड असतं म्हणून घाबरणारी माणसं कुठल्याशा गावाला जाऊन दम्याची पुडी आणतात, तेव्हा माझा जीव तुटतो. पुडीवर नाव नाही, प्रमाण नाही. सगळ्याच पुड्या तशा असतात असं मी म्हणणार नाही. पण पुडी घेतल्यावर दोन दिवसांत दम जादूसारखा थांबला, भूक वाढली, महिना-दोन महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल झाला, साखर वाढली, तर त्यात स्टेरॉइडची गोळी कुटून घातलीय अशी दाट शंका घ्यायला हवी. प्रेडनिसोलोनची सगळ्यात साधी गोळी ५ मिलिग्रॅमची. ब्युडेसोनाइडचा एक फवारा २०० मायक्रोग्रॅमचा. वजनानं एका गोळीत पंचवीस फवारे बसतील. वर्षानुवर्षं पोटात गेलेलं स्टेरॉइड हाडं ठिसूळ करतं, मोतीबिंदू लवकर आणतं. मोठ्या झटक्यात आम्हीही स्टेरॉइडच्या गोळ्या देतो, पण पाच-सात दिवस, मोजून. आणि हे लक्षात ठेवा, अशी पुडी बरेच महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं. उरलेली पुडी घेऊनच डॉक्टरकडं जा. तुम्हाला कुणी रागावणार नाही.

मृगाच्या तोंडावर परभणी-नांदेडहून माणसं हैदराबादला माशातलं औषध घ्यायला जातात. माझे आजोबाही जायचे. कुणाच्या श्रद्धेला मला हात लावायचा नाही, फक्त त्या प्रवासात आणि त्यानंतरही रोजचा पंप सोडू नका. झाडपाल्याला मी हसत नाही. कुंपणाला लावतो त्या अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. पण कफ पातळ होणं वेगळं आणि आवळलेली नळी सुटणं वेगळं.

नाकाच्या अॅलर्जीबद्दल थोडक्यात. सकाळी उठल्याबरोबर दहा-वीस शिंका, नाकाडोळ्यांतून पाणी. आपल्याकडं त्याला कारणं भरपूर, हडंब्यातून, म्हणजे मळणी यंत्रातून उडणारं भुसकट, जिनिंगमधली धूळ, गाजर गवत. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५५-५६ च्या सुमारास, आणि आता आपल्या बांधाबांधावर आहे. शिंकांवर क्लोरफेनिरामिन ही जुनी, स्वस्त गोळी चालते, पण ती मेंदूत शिरते आणि झोप आणते. ती खाऊन हडंब्यात पेंढ्या लावायला उभं राहू नका, मोटारसायकल चालवू नका. सेटिरिझिननं गुंगी कमी येते, तरी काहींना येतेच. फेक्सोफेनाडिननं सहसा येत नाही, फक्त ती फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, पाण्याबरोबर घ्या. चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांच्या वर घालू नका. त्यानंतर थेंबांमुळंच नाक चोंदायला लागतं. एक शिक्षक माझ्याकडं आले होते, चार वर्षं थेंबांची बाटली खिशात. थेंब सोडवायला नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला. तो नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेनं मारायचा. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागले.

मेडिकलमध्ये सर्दी म्हटलं की लेव्होसेटिरिझिन-मॉन्टेलुकास्टची पट्टी हातात पडते. मॉन्टेलुकास्ट उपयोगी आहे, पण काहींना त्यानं भयानक स्वप्नं पडतात, चिडचिड होते, मन खचतं, क्वचित जीव द्यायचे विचार येतात. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं यावर आपला सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. लेकरू रात्री ओरडत उठायला लागलं आणि ही गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. उलटंही तितकंच महत्त्वाचं आहे. दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी गेलात तरी "मला दमा आहे" हे आधी सांगा. अर्धशिशीसाठी किंवा हात थरथरतात म्हणून देतात ती प्रोप्रॅनोलॉल, काचबिंदूचे टिमोलॉल थेंब, काहींच्या बाबतीत ॲस्पिरिनसारख्या दुखण्याच्या गोळ्या, यांनी दमा उसळू शकतो.

आता पंप हातात घ्या. फवाऱ्याचा पंप असेल तर तो हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. पंपाचं तोंड ओठांत धरून ओठ घट्ट मिटा, डबा दाबा आणि त्याच क्षणी सावकाश, लांब श्वास आत घ्या. दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटानं. कॅप्सूलचं यंत्र असेल तर श्वासाची पद्धत उलटी, तिथं जोरात आणि खोल ओढायचं, कारण पूड तुमच्या ओढीनंच उडते. ओढून झाल्यावर यंत्र उघडून बघा, पूड उरली असेल तर पुन्हा ओढा. रोजच्या पंपानंतर खळखळून चूळ भरा आणि थुंका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. डबा संपला का हे पाण्यात टाकून कळत नाही, फवारे मोजा.

दाबणं आणि ओढणं एकाच वेळी म्हाताऱ्यांना आणि मुलांना जमत नाही. त्यांच्यासाठी स्पेसर, म्हणजे पंपापुढं लावायची पोकळ नळी. विकत घेणं परवडत नसेल तर ५०० मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढंच भोक पाडा, कडा गुळगुळीत करा. बाटलीचं तोंड आपल्या तोंडात, पंप बुडाला. केप टाउनच्या डॉक्टरांनी मुलांवर अशी बाटली पारखून पाहिली, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते छापून आलं. बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली. साबणाच्या पाण्यात धुवा आणि तशीच निथळू द्या, फडक्यानं पुसू नका, पुसल्यावर औषध प्लास्टिकला चिकटतं.

झटका आला तर माणसाला आडवं झोपवू नका, बसवा. तातडीच्या पंपाचे चार फवारे बाटलीतून द्या, एकेक करून, दर फवाऱ्याला चार-पाच श्वास. वीस मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा चार द्या आणि तोवर १०८ ला फोन लावलेला असू द्या. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, माणूस गुंगत असेल, तर वीस मिनिटंही थांबू नका. फवारे देत देतच निघा.

आणि तातडीचा पंप कपाटात, देवळीत नको. उशाशी ठेवा, मध्यरात्री लाइट गेलेली असली तरी चाचपून हाताला लागेल असा. आजपासून रात्री निजण्याआधी एकदा हात लावून बघा, तो तिथंच आहे का.

नमस्कार.