एसटीचं तिकीट, सुट्टे पैसे आणि स्मार्टकार्ड: कोकणात घोडं अडतंय कुठे?

नमस्कार मंडळी.

कोकणात एसटीत बसलात की हल्ली दोन-तीन थांबे जाईपर्यंत कुणाचा तरी आवाज चढलेला ऐकू येतो. कंडक्टर म्हणतो, "सुट्टे काढा." समोरचा म्हणतो, "शंभराचीच नोट आहे." मागून कुणीतरी सुचवतं, "ऑनलाइन घ्या ना!" कंडक्टर मशीन पुढे करतो, तर रेंज गेलेली. तोवर पुढचा फाटा येतो, आणखी माणसं चढतात, आणि तिकीट काढायचं राहिलेल्यांची रांग दरवाजापर्यंत जाते.

बहुतेक वेळा या भांडणात दोघांचीही चूक नसते. चूक आधीच, कागदावर झालेली असते. म्हणून आज जरा मुळापासून बोलू या. तिकिटाचा आकडा येतो कुठून, मशीन घाटात गप्प का होतं, आणि स्मार्टकार्डाचा विषय पुन्हा पुन्हा निघतो तो नेमका कशासाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो. कार्डाला माझा विरोध नाही. पण सरकारचा आणि महामंडळाचा हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळी खटपट प्रवाशाच्या गळ्यात पडणार असेल, आणि तीही वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसाच्या, तर ते मला मान्य नाही.

आधी भाडं.

एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा. तुम्ही चार किलोमीटरवर उतरलात तरी टप्पा पूर्ण धरला जातो. ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हा साध्या गाडीचा टप्पा ८ रुपये ७० पैसे झाला आणि तिकिटं पाचच्या पटीत आली. दहा, पंधरा, वीस. दहाच्या नोटा आणि पाचची नाणी एवढ्यावर गाडी सुरळीत चालत होती. मग २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के वाढ लागू झाली. टप्पा झाला १० रुपये ५ पैसे, आणि तिकिटं अकरा, एकवीस, एकतीस अशी येऊ लागली.

आता बघा, दहाच्या तिकिटाला दहाची नोट दिली की विषय संपतो. अकराच्या तिकिटाला लोक वीसची नोट काढतात, म्हणजे कंडक्टरने नऊ रुपये परत द्यायचे. सकाळी गाडी आगारातून निघते तेव्हा त्याच्या पिशवीत सुट्टे म्हणून थोडंसं अग्रधन असतं. ते पहिल्या काही वाड्यांतच संपतं. मग तो तिकिटाच्या मागे पेनने 'बाकी ९' असं लिहून देतो आणि म्हणतो, उतरताना घ्या. गर्दीत उतरताना किती जण मागे वळून ते पैसे मागतात? डोक्यावर बोजा, हातात पोर, खाली रिक्षावाला हाका मारतोय. बाकी तशीच राहते.

कंडक्टरच्या बाजूने इथे बोललंच पाहिजे. मशीनमधून जेवढ्या रकमेची तिकिटं निघाली तेवढी रोकड संध्याकाळी आगारात भरावी लागते. कमी पडली तर खिशातून. जास्त सापडली तर ते त्याहून वाईट, कारण तपासणीत जादा रोकड म्हणजे थेट संशय. त्यामुळे "एक रुपया राहू दे, जा" असं म्हणणं त्याच्या हातात नसतं. सुट्टे मागताना तो चिडतो कारण तो दोन्हीकडून अडकलेला असतो.

यात सवलतींचा भाग मिसळा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना मोफत प्रवास. तालुक्याच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीत सकाळी नजर फिरवा. पूर्ण तिकीटवाला शोधावा लागतो. एकतीसचं अर्धं साडेपंधरा होतं. ते पुन्हा पूर्ण रुपयात आणायचं, आणि पुन्हा सुट्ट्यांचा प्रश्न. सवलती चांगल्याच आहेत, त्यांनी कोकणातल्या बायकांचं घराबाहेर पडणं खरोखर वाढवलं असं मला वाटतं. पण भाडं ठरवणाऱ्याने गाडीत उभं राहून एक फेरी मारली असती, तर अकरा हा आकडा ठेवला नसता.

"मग यूपीआय करा," असं शहरातून आलेले लोक सहज म्हणतात.

करतातच लोक. मशीनवर क्यूआर येतो, तुम्ही फोनने स्कॅन करता, पैसे जातात. पण त्यासाठी दोघांच्याही हातातल्या यंत्राला एकाच वेळी रेंज हवी. तुमच्या फोनला आणि कंडक्टरच्या मशीनला. चिपळूण शहरात ती मिळेल. कुंभार्ली घाट चढायला लागलात, आंबा घाटात शिरलात, किंवा खाडीकाठच्या आतल्या वाडीकडे वळलात की दोघांपैकी एकाची जाते. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे कापले जातात आणि मशीनवर ते आल्याची खूण येत नाही. खूण नाही म्हणजे तिकीट नाही. तुम्ही मेसेज दाखवता, तो मशीन दाखवतो, आणि दोघंही खरं बोलत असता.

इथे एक कामाची गोष्ट सांगतो, लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. यूपीआयने दुकानदाराला किंवा सेवा देणाऱ्याला पैसे दिले, तुमच्या खात्यातून गेले, पण त्याच्याकडे खूण पोचली नाही, तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून कंडक्टरशी वाद न घालता रोख देऊन तिकीट घ्या, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा, आणि पैसे आले नाहीत तर बँकेच्या मागे लागा.

पण याचा अर्थ काय झाला? ज्याच्याकडे फोन आहे त्यालाही खिशात रोख ठेवावीच लागते.

आता कार्ड. या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण कार्डाबद्दल बोलताना त्याचं कारण फारसं कुणी सांगत नाही.

एसटी ज्याला अर्ध्या तिकिटात किंवा मोफत नेते, त्याच्या तिकिटाची उरलेली रक्कम राज्य सरकार महामंडळाला देतं. म्हणून तर ७५ वर्षांच्या आजोबांनाही कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. ते तिकीट आजोबांसाठी कमी आणि हिशेबासाठी जास्त असतं. सरकार साहजिकच विचारणार, एवढे ज्येष्ठ खरंच बसले होते कशावरून? कार्डाची कल्पना या प्रश्नातून येते. ज्येष्ठांच्या सवलतीला वर्षाला ४००० किलोमीटरची मर्यादा होती, आणि कोण किती फिरलं हे कागदावर मोजता येत नव्हतं. म्हणून २०१९ मध्ये एसटीने आधारशी जोडलेलं स्मार्टकार्ड आणलं.

पुढे काय झालं ते आठवत असेल. आगारात नोंदणी, अंगठ्याचा ठसा. जन्मभर भात लावलेल्या, चिरे उचललेल्या, जाळी ओढलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते सहज घेत नाही. मग "उद्या या." उद्या या म्हणजे सवलत मिळवण्यासाठी पुन्हा गाडीभाडं, पुन्हा अर्धा दिवस. त्यातच कोरोना आला, मग २०२१-२२ चा लांबलेला संप. कार्ड सक्तीचं करण्याची तारीख पुढे पुढे ढकलली गेली आणि आधार, मतदार ओळखपत्र दाखवून सवलत चालू राहिली. ज्यांनी हेलपाटे घालून कार्ड काढलं त्यांना त्याचा काय उपयोग झाला, हे कुणी त्यांना सांगितलं नाही. माझा राग यावर आहे. योजना फसू शकते. पण लोकांचे दिवस आणि पैसे खर्च करायला लावून नंतर त्यावर एक शब्दही न बोलणं हे वाईट आहे.

दुसरीकडे शहरांत वेगळं कार्ड आलंय, नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड. मार्च २०१९ मध्ये अहमदाबादला ते सुरू झालं. मुंबईतल्या मेट्रोत, बेस्टच्या गाडीत ते वापरलं जातं, त्यामुळे गणपतीला गावी येणाऱ्या कित्येक चाकरमान्यांच्या पाकिटात ते असतं. कल्पना अशी की एकच कार्ड देशभरच्या मेट्रोत, बसमध्ये चालावं. आणि या कार्डात एक गोष्ट कोकणाला फार सोयीची आहे. याचे पैसे बँकेच्या संगणकात नसून कार्डाच्या चिपमध्येच असतात, बटव्यात ठेवलेल्या नोटांसारखे. मशीनला टेकवलं की पैसे तिथल्या तिथे वजा होतात. रेंज लागत नाही. घाटातही चालेल, खाडीकाठीही चालेल. सुट्ट्यांची कटकट मुळातूनच संपते, अकरा तर अकरा, साडेपंधरा तर साडेपंधरा.

मग अडचण कुठे? पैसे भरण्यात.

तुम्ही मोबाइलवरून कार्डात पैसे भरले तरी ते लगेच चिपमध्ये जात नाहीत. कार्ड एखाद्या यंत्राला लावून ती रक्कम चिपवर उतरवून घ्यावी लागते. मेट्रो स्टेशनवर ते यंत्र समोरच असतं. आपल्याकडे कुठे असणार? देवगडच्या आगारात? मंडणगडच्या? आतल्या वाडीतल्या माणसाने बसचं कार्ड भरायला बसने जायचं, आणि कार्डात पैसे नाहीत म्हणून जाताना रोख द्यायची? रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रवासासाठीच्या अशा कार्डांना केवायसीशिवाय परवानगी दिली, कमाल शिल्लक ३००० रुपये. ही सवलत चांगली आहे. पण त्याच नियमात आहे की या कार्डातले पैसे रोख काढता येत नाहीत, परतही मिळत नाहीत. म्हणजे भरायच्या आधी चारदा विचार करा. ज्या घरात महिन्याचा बाजार नोटा मोजून होतो, तिथे पाचशे रुपये कार्डात अडकवून ठेवणं सोपं नाही.

तेव्हा कोकणात कार्ड आणायचंच असेल तर ते माणसांपर्यंत न्या. आणि हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये, कारण एसटीने असंच काम केलेलं आहे. जून २०२५ मध्ये विद्यार्थ्यांचे पास शाळेत नेऊन देण्याची मोहीम झाली. बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास, इतर विद्यार्थ्यांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत, आणि त्यासाठी आगारात रांग लावायची गरज नाही. जे शाळेसाठी जमलं ते ग्रामपंचायतीसाठी जमेल. ठसा उमटत नसेल तर दुसरा पुरावा तिथेच घ्या. आणि कार्डात पैसे भरायची सोय कंडक्टरच्या मशीनवर द्या. रोख शंभर घेतले, कार्डात शंभर चढवले. एवढं झालं तर वस्तीच्या गाडीने पहाटे निघणारी बाईसुद्धा ते वापरेल, कारण तिला वेगळीकडे जावं लागणार नाही.

हे होत नाही तोवर रोख आणि साधं ओळखपत्र चालू राहिलं पाहिजे, तारखेची धमकी न देता. आणि भाडं पुन्हा पाचच्या पटीत न्यावं, असं मला स्पष्टपणे वाटतं. कुणाला दोन रुपये जास्त पडतील, कुणाचे दोन वाचतील. आज 'बाकी' म्हणून जे सुटतं त्यात मात्र प्रत्येक वेळी प्रवाशाचंच जातं.

आता हे सांगायचं कुणाला? जुलै २०२४ मध्ये एसटीने 'प्रवासी राजा दिन' सुरू केला. सोमवारी आणि शुक्रवारी विभाग नियंत्रक एखाद्या आगारात बसून प्रवाशांच्या लेखी तक्रारी घेतात, असा तो उपक्रम आहे. तुमच्या आगारात तो कधी आहे ते चौकशी खिडकीवर विचारा. जाताना तिकीट बरोबर न्या. त्याची शाई पुसट होते, म्हणून आधी फोटो काढून ठेवा. तक्रारीत कंडक्टरचं नाव घालून त्याला अडचणीत आणू नका, गाडीचा क्रमांक आणि वेळ पुरेशी आहे. आणि 'रेंज नाही' एवढंच लिहून थांबू नका. कुठल्या थांब्यापासून कुठल्या थांब्यापर्यंत मशीन चालत नाही ते नावानिशी लिहा, कारण मशीनमध्ये कुठलं सिमकार्ड घालायचं, हे त्यावरूनच त्यांना ठरवता येईल. सुट्ट्यांची बाकी राहिली असेल तर तिकिटाच्या मागच्या बाजूची झेरॉक्स जोडा. ग्रामपंचायतीचं पत्र मिळालं तर तेही लावा. आणि अर्ज देऊन तसेच परतू नका, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून पोच घ्या.