उपासनेनंतरचे सहा दिवस

मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, इतिहास सांगताना जालन्याजवळच्या बेथेल या वसाहतीचा उल्लेख टाळता येत नाही. ब्राह्मण कुटुंबातून ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर ती वसवली. शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईत झाला. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला, तेव्हा प्रकरण न्यायालयात पोहोचले आणि त्या अल्पवयीन मुलाला आईवडिलांच्या हवाली करण्यात आले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून पुढे मोठे वादंग माजले आणि बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. एका घरातील दोन भावांच्या वाटा अशा फुटल्या. आज मराठवाड्याच्या खेड्यांत ख्रिस्ती कुटुंबांची ताटातूट अशी न्यायालयात होत नाही, मात्र सख्खे चुलते, मामा, सोयरे वेगळ्या श्रद्धेचे असतात आणि त्यांच्यात राहून बायबलमधील वचनाप्रमाणे कसे वागावे, हा प्रश्न रोजचाच असतो.

उदाहरणार्थ, नवस फेडण्यासाठी बोकड कापून भाऊबंदांना घातले जाणारे कंदुरीचे जेवण. प्राचीन ग्रीसमधील करिंथ शहराच्या मंडळीपुढे जवळपास असाच प्रश्न होता. प्रेषित पौलाने त्यांना लिहिले की, कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर पुढे वाढलेले अन्न चौकशी न करता खावे. परंतु हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितल्यास, सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी ते खाऊ नये. कंदुरीत काहीच लपलेले नसते, त्यामुळे ते ताट नाकारणे वचनाला धरूनच आहे. मात्र पौलाने ताटाविषयी लिहिले आहे, उंबरठ्याविषयी नव्हे. भावाच्या घरी जाणे, मंडप घालायला हात लावणे, म्हाताऱ्या चुलतीजवळ बसणे आणि तेवढे जेवण नम्रपणे टाळणे, हे एकाच माणसाला जमू शकते. तिथे उपदेश सुरू करणाऱ्यांना मात्र पुढच्या वर्षी बोलावणे येत नाही, आणि त्याचा दोष भावकीला देता येत नाही.

मजुरीचा प्रश्न याहून कठीण आहे, आणि प्रवचनांत तो फारसा ऐकू येत नाही. मजुराचे वेतन रात्रभर, सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नये, असे बायबलच्या जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे. त्याच करारातले ‘अनुवाद’ नावाचे पुस्तक तर सूर्य मावळण्यापूर्वी ते देण्याची आज्ञा करतो, कारण मजूर गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशांत गुंतलेला असतो. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच देवाकडे ओरड करते. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि पुढचे कित्येक महिने ती कोयत्याने फेडत राहतात. अशा प्रदेशात ही वचने केवळ प्राचीन इस्राएलाच्या शेतीविषयी आहेत असे मानता येणार नाही. ज्यांच्या शेतात चार बाया खुरपायला येतात, त्या प्रत्येक ख्रिस्ती शेतकऱ्याला ती लागू आहेत. संध्याकाळी पैसे न देता ‘बाजाराच्या दिवशी बघू’ म्हणणारा माणूस रविवारी दानार्पणात कितीही मोठी नोट टाकत असला, तरी आज्ञा मोडतोच.

बांधाचे भांडण तर घरोघरी असते. वेदीपाशी दान आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. ऐकणारे गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेच्या मंदिरात होती. जालन्याहून निघालेल्या माणसाने परभणीला पोहोचल्यावर पायी घरी परतावे, भावाशी बोलावे आणि पुन्हा परभणी गाठावी, साधारण इतका हा फेरा होतो. आपल्याकडे भाऊ बहुधा शेजारच्याच बाकावर बसलेला असतो, तरीही दोघे नजर चुकवून प्रभुभोजन घेतात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात यावर उपायही दिला आहे: ज्याने आपला अपराध केला, त्याच्याकडे आधी एकट्याने जावे. व्यवहारात मात्र गोष्ट आधी पारावर जाते, मग पाळकसाहेबांकडे, आणि ज्याच्याशी बोलायचे असते त्याला ती सर्वांत शेवटी कळते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला पुन्हा पुन्हा क्षमा कर, असे बाईला सांगण्यासाठी याच वचनांचा वापर होताना दिसतो, आणि सोबत पत्नीने पतीच्या अधीन असावे हे इफिसकरांस पत्रातील वाक्य जोडले जाते. त्याच्या आधीचे, एकमेकांच्या अधीन असावे हे वाक्य, आणि नंतरचे, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तशी पतीने पत्नीवर प्रीती करावी हे वाक्य, वाचायचे राहून जाते. हे अर्धवट वाचन आहे, आणि त्याचा फायदा मारणाऱ्यालाच होतो. शिवाय मत्तयाचा तो अध्याय एकांतातील भेटीवर थांबत नाही. अपराधी ऐकत नसेल तर एकदोघांना सोबत न्यावे, तरीही न ऐकल्यास मंडळीला सांगावे, असा क्रम तो देतो. जिवाला धोका असलेल्या बाईला तर त्या एकांतातही पाठवता कामा नये. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम तिला राहत्या घरात निवाऱ्याचा हक्क आणि न्यायालयाकडून संरक्षण आदेश मागण्याची मुभा देतो, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे जाताना मंडळीच्या महिला संघातील दोघीतिघींनी तिच्यासोबत जाणे मंडळीला सहज शक्य आहे.